झाडाला परवाना, हाताला नाही

मृग नक्षत्र तोंडावर आले, की आपल्या शहरांत आणि गावांत एक आवाज हटकून ऐकू येऊ लागतो. तो पावशाचा नसतो. यांत्रिक करवतीचा असतो. विजेच्या तारांना टेकलेल्या फांद्या, गृहसंस्थेच्या भिंतीवर ओणवलेला गुलमोहोर, शाळेच्या आवारातले वाळलेले आंब्याचे झाड, रस्त्याच्या रुंदीकरणात आड येणारे वड आणि चिंचा या सर्वांचा हिशेब पावसापूर्वीच्या पंधरा दिवसांत उरकायचा असतो. पूर्वी या कामाला कुऱ्हाडी आणि दोघांनी ओढावयाच्या करवती घेऊन चार-पाच माणसे येत आणि दोन दिवस राबत. आता एक माणूस पेट्रोलवर चालणारे यंत्र घेऊन येतो आणि दुपारच्या जेवणापूर्वी काम आटोपतो. गावाकडे या यंत्राला नुसते 'कटर' म्हणतात. वस्तूला इतके घरगुती नाव मिळाले, की तिच्याविषयीची भीती गेली असे समजावे.

हे काम चालू असता क्षणभर थांबून पाहावे. करवत चालविणाऱ्याच्या पायांत बहुधा रबरी सपाता असतात. डोक्याला फडके, अंगात बनियन, डोळे उघडे, कान उघडे. तो झाडावर अर्ध्या उंचीवर एका फांदीला पायांचा विळखा घालून बसलेला असतो; एका हाताने दुसरी फांदी धरलेली आणि दुसऱ्या हातात चालू करवत. खाली दोरी धरून उभा असलेला त्याचा साथीदार फांदीच्या बरोबर खालीच असतो. भोवती मुले जमलेली असतात आणि आपणही गॅलरीतून त्याच्या धाडसाचे कौतुक करीत असतो. वास्तविक हे धाडस नव्हे. एका अत्यंत धोकादायक यंत्राविषयीचे हे सामाजिक अज्ञान आहे आणि त्या अज्ञानाची किंमत आपण नव्हे, तर तो माणूस मोजणार आहे.

हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने पाहिला तर अधिकच विचित्र दिसतो. महाराष्ट्रात झाड तोडण्यास परवानगी लागते. १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. नागरी भागांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा आहे. झाड कोणत्या जातीचे, कोणाच्या जमिनीत उभे, ते का तोडावयाचे, त्याच्या बदल्यात किती झाडे लावणार, या सर्वांचा विचार परवानगी देण्यापूर्वी होतो आणि तो व्हावयासच हवा. परंतु ते कोण तोडणार, कोणत्या हत्याराने तोडणार, तोडणाऱ्यास त्या हत्याराचे शिक्षण मिळाले आहे काय, हे कोणी विचारीत नाही. परवाना झाडाचा असतो, हाताचा नसतो. झाड वाचविण्याची चिंता आपल्या कायद्यात उमटली, माणूस वाचविण्याची मात्र उमटली नाही.

यंत्राचा स्वभाव

कुऱ्हाड आणि यांत्रिक करवत यांत केवळ वेगाचा फरक आहे असा समज सार्वत्रिक आहे. तो चुकीचा आहे. कुऱ्हाडीची शक्ती माणसाच्या दंडातून येते. हात थांबला की कुऱ्हाड थांबते. करवतीची शक्ती तिच्या स्वतःच्या पोटात असते. हात चुकला, दमला किंवा घसरला तरी ती चालतच राहते. पूर्ण वेगात असताना तिची साखळी सेकंदाला वीस मीटरांहून अधिक धावते. कातडी, स्नायू आणि हाड यांतला भेद तिला कळत नाही. कुऱ्हाडीचा घाव सरळ असतो. साखळीचे दात मांस फाडून, ओरबाडून नेतात आणि त्या जखमेत तेल, भुसा आणि कपड्याचे तुकडे भरतात. अशी जखम शिवणे शल्यविशारदांना अवघड जाते, ते यामुळेच.

हे यंत्र जन्माला आले ते दोन माणसांनी उचलावयाचे अवजड धूड म्हणून. जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली, तेव्हा तिचे वजन पंचेचाळीस किलोंच्या वर होते. पुढे धातू हलके झाले, इंजिने लहान झाली आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ती एका माणसाच्या हातात आली. आज बाजारातली सर्वसाधारण करवत पाच-सहा किलोंची असते. यंत्र हलके झाले, त्याबरोबर धोका हलका झाला असे मात्र नाही. उलट जे यंत्र पूर्वी खांद्यापर्यंत उचलताच येत नव्हते, ते आता डोक्याच्या वर धरून चालविण्याचा मोह होऊ लागला.

या यंत्राचा सर्वांत घातक गुण म्हणजे त्याची उसळी. करवतीचे पाते लांबट असते आणि त्याचे टोक गोलाकार. त्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग चालू साखळीसह एखाद्या फांदीला, ओंडक्याला किंवा दगडाला टेकला, की दात लाकडात अडकतात. साखळीला पुढे जाण्यास वाट राहत नाही, आणि तिचा सारा जोर उलटा फिरून पाते वर आणि मागे, म्हणजे चालविणाऱ्याच्या चेहऱ्याकडे आणि मानेकडे, भिरकावले जाते. ही क्रिया साधारण एकदशांश सेकंदात घडते. काय झाले हे मेंदूला कळण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणजे सावधपणा, चपळाई, अनुभव यांपैकी काहीही त्या क्षणी उपयोगी पडत नाही. 'मी वीस वर्षे हे काम करतो, मला काही होत नाही', असे म्हणणाऱ्याने ही गोष्ट समजून घेतली पाहिजे. वीस वर्षांचा अनुभव एकदशांश सेकंदात वापरता येत नाही.

मग उपाय काय? उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला यंत्रातला. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी युरोपातील कारखान्यांनी साखळीला आपोआप लागणारा ब्रेक आणला. पुढच्या मुठीसमोर जी आडवी ढाल दिसते ती नुसती हाताच्या रक्षणासाठी नसते; करवत उसळली की तीच ढाल ब्रेक लावते आणि साखळी क्षणार्धात थांबते. दोन खटके एकदम दाबल्याखेरीज वेग न वाढणे, तुटलेली साखळी अडविणारा आकडा, कमी उसळणाऱ्या साखळ्या या सर्व सुधारणा अशाच हळूहळू आल्या. त्यांतील प्रत्येक सुधारणेमागे युरोप-अमेरिकेतील जंगलकामगारांचे रक्त सांडलेले आहे. आपल्याकडे ही सुधारणा आयती मिळाली; परंतु ब्रेकची ढाल 'मध्ये मध्ये येते' म्हणून काढून टाकणारे, आणि मोडली तर ती तशीच ठेवून काम करणारे हात आपल्याच बाजारात आढळतात. नामांकित यंत्राच्या निम्म्या किमतीत मिळणाऱ्या नकलांत तो ब्रेक कितपत विश्वसनीय असतो, हे तपासण्याची तसदी घेतली जात नाही.

दुसरा उपाय अंगावरचा आहे. करवतकाम करणाऱ्यासाठी विशिष्ट विजार असते. तिच्या आत लांब, चिवट धाग्यांचे अनेक थर शिवलेले असतात. साखळी विजारीला लागताच हे धागे ओढले जाऊन दात्याच्या चाकात गुंततात आणि साखळी जाम होते. साधी जाड जीन ही विजार होऊ शकत नाही. रबरी सपाता हे पायताण होऊ शकत नाही. जेथे अपघातांच्या नोंदी ठेवल्या जातात त्या देशांचा अनुभव असा, की सर्वांत अधिक जखमा पायांना होतात आणि त्यांच्या खालोखाल डाव्या हाताला. त्यामुळे शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी, कानांवर आवरण, हातमोजे, पोलादी टोकाचे बूट आणि ही विजार यांचा संच तेथे करवतीचाच भाग समजला जातो. आपल्याकडे करवत विकत घेताना साखळीच्या तेलाचा डबा मागून घेतला जातो. विजारीचे नावही निघत नाही.

वापराचे व्याकरण

भाषेला जसे व्याकरण असते तसे या यंत्राच्या वापरालाही आहे, आणि ते काही अवघड नाही. करवत सुरू करावयाची ती जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, पायाने मागची मूठ दाबून; हवेत लोंबकळत ठेवून झटक्याने दोरी ओढून नव्हे. ती नेहमी दोन्ही हातांनी धरावयाची. डावा हात पुढच्या मुठीवर, आणि अंगठा मुठीखालून वळलेला. अंगठा वर ठेवला तर उसळीच्या वेळी मूठ हातातून सुटते. शरीर पात्याच्या सरळ रेषेत न ठेवता डावीकडे ठेवावयाचे, म्हणजे करवत उसळली तरी ती खांद्याच्या बाजूने जाते. खांद्याच्या वर करवत उचलावयाची नाही. शिडीवर उभे राहून ती चालवावयाची नाही. एका जागेवरून दुसरीकडे जाताना ब्रेक लावावयाचा. पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि थंड असावयास हवे, आणि जेथे पेट्रोल भरले तेथेच ते सुरू करावयाचे नाही. साखळी बोथट झाली की ती घासून घ्यावयाची, कारण बोथट साखळीला माणूस जोर लावतो आणि जोर लावणाऱ्याचा तोल जातो.

पात्याच्या दोन्ही धारांचे वागणे वेगळे असते, हेही माहीत असावे लागते. खालच्या धारेने कापताना करवत माणसाला लाकडाकडे ओढते. वरच्या धारेने कापताना ती त्याला मागे ढकलते. ज्याला हे ठाऊक नाही तो प्रत्येक वेळी नव्याने दचकतो.

उभे झाड पाडणे ही याहून वरची पायरी. झाड ज्या दिशेला पाडावयाचे त्या बाजूला प्रथम खाच घ्यावयाची, बुंध्याच्या जाडीच्या चौथ्या किंवा पाचव्या हिश्शाइतकी खोल. मग उलट बाजूने काप घ्यावयाचा. पण तो खाचेपर्यंत न्यावयाचा नाही. मध्ये बुंध्याच्या जाडीच्या सुमारे एकदशांश इतकी लाकडाची पट्टी शिल्लक ठेवावयाची. ही पट्टी म्हणजे दाराची बिजागरी. झाड तिच्यावर वळते आणि ठरलेल्या दिशेला पडते. बिजागरी कापून टाकली तर झाड कोणत्या दिशेला जाईल हे सांगता येत नाही. आपल्याकडील कित्येक अपघात या एका अज्ञानातून उद्भवतात, कारण कुऱ्हाडीच्या जमान्यात घाव थांबवून झाडाकडे पाहण्यास अवसर असे. यंत्र तो अवसर देत नाही. झाड कलू लागले की मागे तिरक्या दिशेने बाजूला होण्याची वाट आधीच मोकळी करून ठेवावयाची, आणि झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत अन्य माणूस असू द्यावयाचा नाही. हा शेवटचा नियम वाचून आपल्या गल्लीबोळांतली गर्दी डोळ्यांपुढे आणावी.

वादळानंतरचे वादळ

खरी कसोटी लागते ती वादळानंतर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग या पट्ट्यातील पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत भुईसपाट झाल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत सरकत गेले आणि आंबा-काजूच्या बागा झोडपून निघाल्या. दोन्ही वेळा रस्ते मोकळे करणे, घरांवर पडलेली झाडे काढणे आणि वाड्या पुन्हा उभ्या करणे यासाठी यांत्रिक करवतींना पर्याय नव्हता. आपत्ती निवारण दलाचे जवान शिक्षित होते, साधनांनी सज्ज होते. परंतु वाडीवाडीतले काम त्यांनी थोडेच करावयाचे होते? ते बागायतदारांनी, त्यांच्या गड्यांनी आणि उसन्या करवती घेऊन आलेल्या गावच्या तरुणांनी केले.

वादळात पडलेले झाड हे उभ्या झाडापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे असते. उभे झाड स्वतःच्या वजनाने समतोल असते. पडलेले झाड कोठेतरी दाबलेले आणि कोठेतरी ताणलेले असते. दोन आधारांवर आडव्या पडलेल्या बुंध्याची वरची बाजू दाबाखाली आणि खालची बाजू ताणाखाली असते. प्रथम दाबाच्या बाजूने थोडा काप घेऊन मग ताणाच्या बाजूने तो पुरा करावा लागतो. हा क्रम चुकला तर पाते लाकडात चिमटले जाते किंवा बुंधा फाटून धनुष्याच्या दोरीसारखा सुटतो. मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला, की मातीचा तो प्रचंड गड्डा पुन्हा खड्ड्यात आदळतो. त्यामागे कोणी उभा असेल तर तो त्याखाली गाडला जातो. दुसऱ्या झाडावर अडकून राहिलेले झाड खाली केव्हा येईल ते कोणालाच सांगता येत नाही. त्यातच नारळाचा बुंधा निराळा. बाहेरून कठीण, आतून मऊ आणि रेषाळ असल्याने त्याची बिजागरी सागाच्या किंवा आंब्याच्या लाकडासारखी भरवशाची नसते, आणि साखळीही त्यावर लवकर बोथट होते.

स्वीडनसारख्या देशाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. जानेवारी २००५ मध्ये गुड्रुन नावाच्या वादळाने तेथील दक्षिण भागात सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड एका रात्रीत पाडले. त्या देशात जंगलकामाचे शिक्षण शतकभर रुजलेले आहे, साधनांची वाण नाही, कायदा कडक आहे. तरीही वादळाच्या रात्री जेवढी माणसे दगावली त्याहून अधिक माणसे पुढील महिन्यांत पडलेली झाडे काढताना दगावली. तेथे हे झाले, तर आपल्याकडे काय होत असेल? आपल्याकडे वादळातील मृतांचा आकडा दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत येतो. तिसऱ्या आठवड्यात एखाद्या वाडीत नारळ कापताना ज्याची मांडी चिरली गेली, तो या आकड्यात नसतो. त्याची नोंद रुग्णालयाच्या वहीत 'जखम' एवढीच होते आणि वादळाशी असलेला तिचा संबंध तेथेच पुसला जातो.

न दिसणारी इजा

इजा एका क्षणात होते तशी ती वर्षानुवर्षे हळूहळूही होते. करवतीचा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो. कानांना आवरण न घालता रोज तो ऐकणाऱ्या माणसाची श्रवणशक्ती काही वर्षांत कमी होते, आणि ती परत येत नाही. मुठींतून हातात शिरणारा कंप रक्तवाहिन्यांना आणि मज्जातंतूंना अपाय करतो. थंडीत बोटे पांढरी पडतात, बधिर होतात, सदऱ्याची गुंडी लावणे जमेनासे होते. १९६० च्या दशकात जपानच्या सरकारी अरण्यांतील कामगारांत हा विकार इतका पसरला, की तो व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य करावा लागला आणि करवत चालविण्यास दिवसाला दोन तासांची मर्यादा घालावी लागली. कंप शोषणाऱ्या मुठी यंत्रात आल्या त्या याच काळात. आपल्याकडे दिवसाचे आठ-दहा तास करवत चालविणारा माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी 'हातात जोर राहिला नाही' म्हणतो, तेव्हा तो वयाचा परिणाम समजला जातो.

मळणीयंत्राचा धडा

यंत्र शेतात आले आणि कायदा शहरात राहिला, असे आपल्या देशात पूर्वीही घडले आहे. हरितक्रांतीनंतर पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात यांत्रिक मळणीयंत्रांचा सुळसुळाट झाला. गव्हाच्या पेंढ्या यंत्राच्या तोंडात सारताना मजुरांचे हात त्याबरोबर आत जाऊ लागले. हंगामात रुग्णालये तुटलेल्या हातांनी भरू लागली. त्या वेळीही प्रथम दोष मजुरावरच ठेवला गेला. तो रात्रपाळीत पेंगत होता, नशेत होता, निष्काळजी होता. त्याला रात्रपाळी कोणी करावयास लावली आणि यंत्राचे तोंड हात जाईल एवढे उघडे कोणी ठेवले, हे प्रश्न मागाहून विचारले गेले. ते विचारले गेल्यावर संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. यंत्र बनविणारा आणि विकणारा यांना परवान्याच्या आणि सुरक्षेच्या मानकांच्या कक्षेत आणले. हात गमावलेल्या मजुराच्या भरपाईची जबाबदारी मालकावर टाकली.

या कायद्याची अंमलबजावणी कागदावर राहिली, अशी टीका पुढे झाली आणि ती रास्त होती. परंतु त्यातले तत्त्व मोलाचे होते. अपघात हा केवळ माणसाच्या चुकीचा परिणाम नसतो. चूक करणारा माणूस गृहीत धरूनच यंत्राची आणि कामाची रचना करावयाची असते. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील दिनेश मोहन यांच्यासारखे अभ्यासक रस्त्यावरील आणि शेतावरील अपघातांविषयी आयुष्यभर हेच सांगत राहिले.

विशेष असे, की १९८३ चा कायदा केवळ मळणीयंत्रापुरता मर्यादित ठेवलेला नव्हता. शेती आणि ग्रामीण क्षेत्रात वापरली जाणारी अन्य यंत्रेही अधिसूचनेने धोकादायक म्हणून जाहीर करण्याचा अधिकार त्यात केंद्र सरकारला दिलेला आहे. यांत्रिक करवत आज कोकणातल्या, मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या वाड्याशेतांवर पोहोचली आहे. या व्याख्येत बसण्यास तिला आणखी कोणती पात्रता हवी?

दुसरा मार्ग नव्या कामगार संहितांचा आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती यांविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. १९४८ च्या कारखाने कायद्यासह अनेक जुने कायदे तिने पोटात घेतले. परंतु तिची सर्वसाधारण व्याप्ती दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती आहे. करवतीची टोळी असते तीन-चार माणसांची: एक करवतवाला, एक दोरीवाला, दोन फांद्या ओढणारे. ती या चाळणीतून सहज खाली गळते. तथापि, ज्या कामात जिवाला धोका आहे ते काम केंद्र सरकारने अधिसूचित केल्यास कामगारांच्या संख्येची ही अट लागू होऊ नये, अशीही तरतूद त्याच संहितेत आहे. तेव्हा अडचण कायद्याच्या अभावाची नाही. कायद्याला या माणसाची आठवण करून देणारा कोणी नाही, ही खरी अडचण आहे. त्याची संघटना नाही, तो एका मालकाचा नोकर नाही, आणि मतदार म्हणूनही तो विखुरलेला आहे.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल, आणि तो टाळण्याजोगा नाही. करवतवाल्याला परवाना सक्तीचा केला, तर परवाना मिळविण्यासाठी त्याला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतील. ज्याच्यापाशी पैसा आहे तो परवाना मिळवील आणि गरीब माणसाचे हातावरचे पोट जाईल. शिवाय विजार, शिरस्त्राण आणि बूट यांचा खर्च त्याने कोठून करावा? आपल्या परवाना-पद्धतीचा इतिहास पाहता ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. फिलिपाइन्सने २००२ मध्ये यांत्रिक करवतीसाठी खास कायदा केला आणि करवतीची नोंदणी सक्तीची केली. पण तोही जंगलाच्या रक्षणासाठी, माणसाच्या नव्हे. नुसती नोंदणी आणि दंड यांनी माणूस वाचत नाही.

म्हणून प्रारंभ परवान्याने नव्हे, शिक्षणाने आणि ठेक्याच्या अटींनी करावा. ब्रिटनमध्ये करवतीवर काम करणाऱ्यास पुरेसे प्रशिक्षण असलेच पाहिजे, अशी जबाबदारी काम देणाऱ्यावर टाकलेली आहे. आपल्याकडेही जबाबदारीचे ओझे याच खांद्यावर द्यावयास हवे. नगरपालिका, वीज कंपन्या, सार्वजनिक बांधकाम खाते आणि वन खाते हे या कामाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या निविदेत संरक्षक पोशाख, प्रशिक्षित माणूस आणि विमा या तीन अटी घातल्या व त्यांचा खर्च दरात धरला, तर बाजार आपोआप वळेल. झाडामागे ठोक दर ठरविण्याच्या पद्धतीत सावधपणाला तोटा आणि घाईला नफा असतो. ती बदलली पाहिजे. प्रशिक्षणासाठी नव्या संस्था काढण्याचे कारण नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, चंद्रपूरला वन अकादमी आहे. पाच-सहा दिवसांचा विनामूल्य वर्ग त्यांना जड जाऊ नये. अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी उष्ण कटिबंधातील जंगलांत करवत कशी वापरावी याची प्रशिक्षण-पुस्तिका १९८० सालीच काढली आहे. श्रम संघटनेने १९९८ मध्ये जंगलकामाच्या सुरक्षेची संहिताही प्रसिद्ध केली. ज्ञान तयार आहे. ते मराठीत, चित्रांसह, करवतीच्या खोक्यात घालून देण्याची सक्ती विक्रेत्यांवर करणे ही काही अशक्य कोटीतील गोष्ट नव्हे.

आणि सरकारकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. करवतवाल्याला काम देणारे बहुधा आपणच असतो: गृहसंस्थेचे चिटणीस म्हणून, शाळेचे मुख्याध्यापक म्हणून, ग्रामपंचायतीच्या कारकुनाच्या खुर्चीत बसून, किंवा सुट्टीत गावाकडच्या वाडीची डागडुजी करताना. त्या वेळी आपण 'किती घेणार?' एवढेच विचारतो. वादळानंतर सेवेच्या भावनेने धावून जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पथकांनाही एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे: फांद्या ओढा, वाट मोकळी करा, लोकांना दूर ठेवा, पण न शिकता करवतीला हात लावू नका. आणि काम देणाऱ्याने आणखी दोन प्रश्न विचारावेत. पायात काय घातले आहे, आणि खाली कोण उभे आहे? हे दोन प्रश्न विचारल्याने काम फार तर तासभर लांबेल.

झाड तोडण्याच्या अर्जावर आपण झाडाचे वय नोंदवितो. तोडणाऱ्या माणसाचे वय, त्याचे शिक्षण आणि त्याचा विमा यांसाठी त्या अर्जावर आणखी एक ओळ छापावयास सरकारी छापखान्याला फारसा खर्च येणार नाही. ती ओळ छापली गेली, तर निदान एवढे तरी नोंदले जाईल, की झाडाखाली एक माणूसही उभा होता.